राउटरचा स्वतःचा पत्ता

आमच्या भागात पूर तारखांनी लक्षात राहत नाहीत, फुटांनी राहतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस थांबली, आणि सांगलीत कृष्णा गावात शिरली. मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ब्रॉडबँड कंपनीच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात, होते. घर राजारामपुरीत, ऑफिस चालत दहा मिनिटांवर. त्या आठवड्यात ऑफिस गाठू शकणारे आम्ही तिघंच होतो, त्यामुळे रात्रपाळी-दिवसपाळी असं काही उरलंच नव्हतं.

एका रात्री अकराच्या सुमाराला मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर सांगली लाल झाली. सगळी सांगली. एकही ग्राहक ऑनलाइन नाही.

सांगलीच्या पॉपला, म्हणजे तिथल्या ग्राहकांना जोडणाऱ्या आमच्या केंद्राला, फायबर दोन बाजूंनी होती. एक हायवेच्या अंगानं कोल्हापूरहून येणारी, दुसरी इचलकरंजी-जयसिंगपूर असा वळसा घालून येणारी. रिंग करतात ती याचसाठी, की एक बाजू तुटली तर दुसरीकडून काम चालावं. हायवेकडची बाजू तुटल्याचं आम्हाला दिसत होतं, तो पोर्ट डाऊन होता. पण पिंगच (राउटर उत्तर देतो का ते बघणारा संदेश) जात नाही म्हटल्यावर तिघांनीही एकच अर्थ काढला: पॉपमध्ये पाणी शिरलं, नाहीतर जनरेटर बंद पडला.

आमचे स्प्लायसिंगचे, म्हणजे फायबर जोडणारे, मामा सांगलीतच राहतात. त्यांना फोन केला. ते पाण्यातून दोन गल्ल्या चालत पॉपच्या इमारतीपर्यंत गेले, दुसऱ्या मजल्यावर चढले आणि पाऊण तासानं त्यांचा फोन आला. "मॅडम, हितं सगळं चालू हाय. जनरेटर चालू, राउटर चालू. जयसिंगपूरकडच्या पोर्टचा दिवा हिरवा हाय, लुकलुकतोय बी. तुमाला का दिसंना?"

तुमाला का दिसंना, हा प्रश्न मी तेव्हापासून विसरलेले नाही. राउटर जिवंत होता, रस्ताही शाबूत होता, तरी आम्हाला तो दिसत नव्हता.

मी जयसिंगपूरच्या राउटरवर लॉगिन केलं आणि तिथून सांगलीच्या दुसऱ्या बाजूच्या पत्त्यावर गेले. लगेच आत शिरले. राउटर सात महिने न थांबता चालू होता. ओएसपीएफचा शेजारी जयसिंगपूर, स्थिती 'फुल'. म्हणजे रस्ते शोधणाऱ्या प्रोटोकॉलनं आपलं काम चोख केलं होतं, वळशाचा रस्ता केव्हाच धरला होता. पण कोल्हापूरशी असलेलं बीजीपीचं, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रूट कळवायच्या दुसऱ्या प्रोटोकॉलचं, सेशन 'ॲक्टिव्ह' दाखवत होतं. बीजीपीत हा शब्द नव्या मुलांना हमखास फसवतो: ॲक्टिव्ह म्हणजे चालू नव्हे, ॲक्टिव्ह म्हणजे अजून धडपड चालली आहे. सांगलीला बाहेरच्या जगाचा डीफॉल्ट रूट त्या सेशनवरून मिळायचा. सेशन पडलं, रूट गेला, ग्राहक गेले.

आणि सेशन का पडलं? कोल्हापूरच्या कॉन्फिगमध्ये शेजाऱ्याचा पत्ता लिहिला होता १०.२०.१.२. हा सांगलीच्या राउटरच्या हायवेकडच्या पोर्टचा पत्ता. १०.२०.१.० चं /३० म्हणजे त्या एका तारेचे दोन पत्ते, एक या टोकाचा, एक त्या टोकाचा. तार तुटली, पोर्ट डाऊन झाला, की राउटर ते नेटवर्क आपल्या तक्त्यातून काढून टाकतो. १०.२०.१.२ नावाचं काही जगात उरतच नाही. कोल्हापूरचा राउटर त्याच पत्त्याला हाका मारत बसला होता. मॉनिटरिंगही त्याच पत्त्याला पिंग करत होतं. आम्ही राउटरची ओळख एका तारेला बांधून ठेवली होती आणि ती तार पुरात गेली.

माझ्या आजोळी वाड्याला दोन दारं आहेत, पुढचं रस्त्यावर आणि मागचं बोळात. रस्त्यावर पाणी साचलं की माणसं बोळातून यायची, पण विचारायची आजीलाच. 'पुढच्या दारात कोण आहे' असं कुणी विचारत नसे. राउटरला हे असं आजीसारखं स्वतःचं नाव द्यायची सोय पहिल्यापासून आहे. तिला लूपबॅक इंटरफेस म्हणतात. आम्ही ती वापरली नव्हती.

लूपबॅक इंटरफेस म्हणजे राउटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला पोर्ट. त्याला तार नाही, एसएफपी (फायबर खोचायचं मॉड्यूल) नाही, दिवा नाही. कॉन्फिगमध्ये त्याचं नाव लिहिलं की तो तयार होतो आणि तयार झाल्याक्षणी अप असतो. तो डाऊन होतो दोनच वेळा: कुणी हातानं बंद केला तर, नाहीतर राउटरच बंद पडला तर. त्याच्यावर एक पत्ता ठेवायचा, एकट्याचा, म्हणजे /३२, आणि तो पत्ता ओएसपीएफमधून सगळ्यांना सांगायचा. मग राउटरच्या चार पोर्टांपैकी कुठलाही एक जिवंत असला तरी त्या पत्त्यापर्यंत पोचता येतं. कुठल्या पोर्टातून पोचायचं, ते ओएसपीएफ बघून घेतो.

त्या रात्री मी सांगलीवर लूपबॅक शून्य तयार केला, १०.२५५.०.७/३२. कोल्हापूरच्या कोअरवर, म्हणजे मुख्य राउटरवर, १०.२५५.०.१/३२. दोन्ही ओएसपीएफमध्ये घातले. जयसिंगपूरच्या राउटरवर रूट टेबल पाहिलं, दोन्ही पत्ते आले होते. मग कोल्हापूरच्या बीजीपीत नवा शेजारी १०.२५५.०.७ आणि सांगलीत नवा शेजारी १०.२५५.०.१.

सेशन उभं राहिलं नाही.

इथं सगळेच पहिल्यांदा अडखळतात, म्हणून सविस्तर सांगते. बीजीपी टीसीपीच्या १७९ पोर्टवर बोलतो (हा पोर्ट तारेचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला नुसता क्रमांक). सांगलीचा राउटर जेव्हा कोल्हापूरच्या लूपबॅककडे टीसीपी जोडणी मागायला निघतो, तेव्हा पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून तो बाहेर पडायच्या पोर्टचा पत्ता घालतो, म्हणजे जयसिंगपूरकडच्या पोर्टचा. कोल्हापूरला सांगितलेलं असतं की तुझा शेजारी १०.२५५.०.७. पाकीट येतं भलत्याच पत्त्यावरून. तो ते नाकारतो, आणि बरोबरच करतो. म्हणून शेजाऱ्याच्या नावापुढे आणखी एक ओळ लिहावी लागते, अपडेट-सोर्स लूपबॅक शून्य. म्हणजे बोलताना स्वतःचा पत्ता लूपबॅकचाच सांग. ही ओळ एकाच टोकाला लिहिली तरी सेशन उभं राहू शकतं, कारण त्या टोकानं पुढाकार घेतला की पत्ते जुळतात. पण मग दुसऱ्या टोकानं केलेला प्रत्येक प्रयत्न वाया जातो आणि सेशन परत यायला कधी दोन सेकंद, कधी दोन मिनिटं लागतात. दोन्ही टोकांना लिहा.

ती ओळ दोन्हीकडे लिहिली आणि सेशन 'एस्टॅब्लिश्ड' झालं. कोल्हापूरकडे नेक्स्ट-हॉप-सेल्फ (रूट सांगताना पुढचा टप्पा म्हणून स्वतःचाच पत्ता दे) आधीपासून होतं, त्यामुळे सांगलीला मिळालेल्या डीफॉल्ट रूटचा पुढचा टप्पाही आपोआप १०.२५५.०.१ झाला. हीसुद्धा लूपबॅकचीच कमाई: पुढचा टप्पा तारेचा पत्ता असता तर पुन्हा तीच गत. दीडच्या आसपास ग्राहकांचा आकडा हळूहळू वर सरकायला लागला. एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, तिथलं आमचं कनेक्शन परत आलेलं मी त्या यादीत पाहिलं आणि मग खुर्चीत टेकले.

पुढच्या दोन महिन्यांत आम्ही सगळ्या नेटवर्कला लूपबॅक दिले. एकेका पॉपला एक आकडा: कोल्हापूर एक, इचलकरंजी चार, जयसिंगपूर पाच, सांगली सात. १०.२५५.०.० चं अख्खं /२४ या कामासाठी राखून ठेवलं. पुढंमागं २५० राउटर झाले तरी पुरेल, आणि पत्ता बघितल्याबरोबर हा राउटरच आहे, तार नाही, हे कळतं. रॅकच्या दाराला आतून मार्करनं तोच आकडा. आता फोनवर कुणी 'सांगलीचा एज राउटर' असं म्हणत नाही, 'सात नंबर' म्हणतात. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला आणि हायवेकडची फायबर पुन्हा गेली. त्या वेळी स्क्रीनवर एक लाइन लाल झाली, सात नंबर हिरवा राहिला. ग्राहकांना कळलंही नाही.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण इंटरव्ह्यू घेताना दर दुसरा उमेदवार इथं गोंधळतो. १२७.०.०.१ लाही लूपबॅकच म्हणतात. १२७ नं सुरू होणारा सगळा पट्टा मशिनच्या आतल्या आत बोलण्यासाठी राखलेला आहे. त्या पत्त्याचं पाकीट मशिनबाहेर पडायचंच नसतं. राउटरचा लूपबॅक इंटरफेस याच्या उलट: त्याचा पत्ता सगळ्या नेटवर्कला माहीत असावा म्हणूनच तो असतो. आणि जुने टेलिकॉमवाले 'लूप दे रे' म्हणतात ते तिसरंच, लाइन तपासण्यासाठी टोकाला पाठवायची आणि घ्यायची तार एकमेकींना जोडणं. शब्द एक, कामं तीन.

आता बीजीपीपलीकडचं थोडं.

ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटरला एक राउटर-आयडी लागतो. सिस्को कंपनीच्या राउटरवर तो हातानं लिहिला नसेल तर राउटर आधी लूपबॅक बघतो आणि त्यातला सर्वांत मोठा पत्ता उचलतो. लूपबॅकच नसेल तर चालू पोर्टांमधला सर्वांत मोठा. हे निवडणं ओएसपीएफ सुरू होताना एकदाच होतं. आज तुम्ही लूपबॅक घातला म्हणून आयडी आज बदलत नाही, पुढच्या रीबूटला बदलतो. आणि याच कारणानं चुका आज करून ठेवल्या तरी सहा महिन्यांनी बाहेर येतात. आम्ही कोल्हापूर आणि इचलकरंजी दोन्हीकडे एकच डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) पत्ता ठेवला होता, एनीकास्ट, म्हणजे ग्राहकाला जवळ असेल त्यानं उत्तर द्यावं. त्यासाठी दोन्ही राउटरांवर 'लूपबॅक एक' नावाचा दुसरा लूपबॅक तयार केला आणि पत्ता दिला १०.२५५.२५५.५३. महिने गेले. एकदा विजेच्या कामासाठी एक राउटर बंद-चालू केला, नंतर कधीतरी दुसरा. दोघांनीही उठताना सर्वांत मोठा लूपबॅक पत्ता आयडी म्हणून उचलला. तोच, दोघांचाही. त्या संध्याकाळी रूट येत होते, जात होते, येत होते. एकाच नावानं दोन राउटर सगळ्यांना वेगवेगळा नकाशा सांगत होते. कारण सापडायला चार तास लागले. तेव्हापासून राउटर-आयडी हातानं लिहायचा, लूपबॅक शून्यचाच पत्ता, आणि एनीकास्टचा पत्ता त्यात कधीही येऊ द्यायचा नाही, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते.

आयएस-आयएस (ओएसपीएफसारखाच रस्ते शोधणारा प्रोटोकॉल) वापरणारे लूपबॅकवरून आपला नेट (एनईटी) पत्ता कसा काढतात ते मला फार आवडतं. १०.२५५.०.७ घ्या. प्रत्येक भाग तीन आकडी करा: ०१०, २५५, ०००, ००७. सगळे सलग लिहा, ०१०२५५०००००७. आता चार-चार आकड्यांवर तोडा: ०१०२.५५००.०००७. झाला सिस्टिम आयडी. एक पत्ता ठरवला की दुसरा त्यातूनच निघतो, आणि रात्री तीन वाजता डेटाबेस वाचताना 'शेवटी सात, म्हणजे सांगली' हे लगेच ओळखू येतं.

मास्कबद्दल, म्हणजे पत्त्यामागच्या /२४, /३२ या आकड्याबद्दल, मात्र मी हट्टी आहे. लूपबॅक /३२ च हवा. आम्ही पतसंस्थांच्या शाखा जोडायला एमपीएलएस व्हीपीएन, म्हणजे पाकिटांवर लेबल चिकटवून चालणारं खासगी नेटवर्क, सुरू केलं तेव्हाची गोष्ट. मुरगूडला नवा राउटर बसवला, मध्ये कागल. बसवणाऱ्या मुलानं लूपबॅकला सवयीनं २५५.२५५.२५५.० लिहिलं, म्हणजे /२४. कोल्हापूरहून मुरगूडच्या लूपबॅकला पिंग जात होतं. बीजीपी अप. व्हीपीएनचे रूट दोन्हीकडे दिसत होते. आणि पतसंस्थेच्या मुरगूड शाखेचं एकही पाकीट पोचत नव्हतं. शाखा व्यवस्थापक दर अर्ध्या तासानं फोन करत होते आणि मला त्यांना 'सगळं अप दिसतंय' एवढंच सांगता येत होतं. असं सांगणं मला फार लागतं.

झालं होतं असं. ओएसपीएफ लूपबॅकचा मास्क मानत नाही. तो त्याला एकटा यजमान समजतो आणि जगाला /३२ सांगतो. पण मुरगूडच्या स्वतःच्या तक्त्यात ते /२४ होतं, आणि लेबलं वाटणारा प्रोटोकॉल, एलडीपी, ती वाटतो ते स्वतःच्या तक्त्यात बघून. म्हणजे मुरगूडनं कागलला /२४ चं लेबल सांगितलं, आणि कागलकडे रूट होता /३२ चा. दोन्ही जुळत नाहीत. कागलवर लेबलांचा तक्ता काढला तेव्हा त्या /३२ समोर लिहिलेलं होतं 'नो लेबल'. कोल्हापूरहून आलेल्या पाकिटाची लेबलं कागलला येऊन तुटत होती, आतलं व्हीपीएनचं लेबल कुणाचं ते कागलला माहीत असण्याचं कारणच नव्हतं, पाकीट तिथंच टाकलं जात होतं. साधं पिंग मात्र जात होतं, कारण त्याला लेबल लागतच नाही. मास्क बदलून /३२ केला आणि शाखा सुरू झाली. याच्यावर दुसरा उपाय आहे, लूपबॅकला ओएसपीएफमध्ये पॉइंट-टू-पॉइंट म्हणून जाहीर करायचं म्हणजे तो खरा मास्क सांगतो. पण लूपबॅकला एकाहून जास्त पत्ते हवेतच कशाला? आणि याच कारणानं लूपबॅकचे पत्ते ओएसपीएफच्या एरियाच्या (नेटवर्कच्या विभागाच्या) सीमेवर समराइज करू नका, म्हणजे अनेकांचा मिळून एक रूट करू नका. तक्ता छोटा होतो खरा, पण पलीकडे नेमका /३२ पोचला नाही की लेबलांची साखळी अशीच तुटते.

लॉग, वेळ, लॉगिन. ही तीन कामं छोटी वाटतात, पण रोजची आहेत. सिसलॉग (लॉग), एनटीपी (वेळ), एसएनएमपी ट्रॅप (इशारे), टॅकॅक्स (लॉगिन) या प्रत्येकाला सोर्स म्हणून लूपबॅक शून्य सांगून ठेवा. नाही सांगितलं तर राउटर त्या त्या वेळी ज्या पोर्टातून बाहेर पडेल त्याचा पत्ता घालतो. मग लॉग सर्व्हरवर एकच राउटर तीन नावांनी दिसतो. टॅकॅक्सचं त्याहून वाईट: सर्व्हरला ओळखीच्याच पत्त्यांशी बोलायला सांगितलेलं असतं. रस्ता बदलला, सोर्स पत्ता बदलला, सर्व्हर म्हणतो मी तुला ओळखत नाही. लाइन तुटलेली असताना, म्हणजे ज्या घटकेला लॉगिन सर्वांत जास्त हवं तेव्हाच, लॉगिन बंद.

गावोगावच्या केबलवाल्या मित्रांसाठी: तुमच्यापैकी बहुतेकांकडे मायक्रोटिक कंपनीचा राउटर आहे. त्यावर वर्षानुवर्षं लूपबॅकसाठी एक साधी युक्ती चालत आली आहे. नवा ब्रिज काढा, त्यात एकही पोर्ट घालू नका, त्याला 'लूपबॅक' नाव द्या आणि त्यावर /३२ पत्ता ठेवा. रिकामा ब्रिज कुठल्याच तारेवर अवलंबून नसल्यामुळे तो चालूच राहतो. काम तेच. तुम्ही पीपीपीओई (ग्राहकानं नाव-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत) देत असाल तर हजार ग्राहकांच्या हजार जोडण्यांना तुमच्या बाजूचा पत्ता म्हणून हाच एक पत्ता देता येतो. प्रत्येकाला वेगळं /३० द्यायची चैन आयपीव्ही४ च्या या टंचाईत कुणालाच परवडणारी नाही.

सगळीकडे लूपबॅकच वापरा असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या स्वतःच्या राउटरांमधलं बीजीपी लूपबॅकवर, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बाहेरच्या प्रोव्हायडरशी असलेलं ईबीजीपी, एकाच तारेवरचं, ते तारेच्या पत्त्यावरच ठेवा. तिथं दुसरा रस्ता नसतो, त्यामुळे तार गेली की सेशन त्याच क्षणी पडावं, हेच आपल्याला हवं असतं. १८० सेकंदांचा होल्ड टाइम (शेजारी गप्प झाल्यावर बीजीपी थांबतो तेवढा वेळ) संपेपर्यंत मेलेल्या रस्त्यावर पाकिटं ओतत बसायला नको. प्रोव्हायडरकडे दोन समांतर तारा असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा लूपबॅक घ्या, समोरच्या लूपबॅकसाठी दोन्ही तारांवरून स्टॅटिक रूट टाका आणि ईबीजीपी-मल्टिहॉप दोन लिहा, कारण ईबीजीपीचं पाकीट एरवी टीटीएल एक घेऊनच, म्हणजे एकाच टप्प्यापुरतं, निघतं.

आपल्या नेटवर्कच्या आत मात्र आकडे लूपबॅकच्या बाजूनं आहेत. थेट फायबर तुटली तर पोर्ट लगेच पडतो आणि ओएसपीएफ लगेच वळतो. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारी डबी) असेल, आणि आपल्याकडे तो असतोच, तर आपल्याकडचा दिवा जळत राहतो आणि ओएसपीएफला चाळीस सेकंदांचा डेड टाइमर संपायची वाट बघावी लागते. तरीही चाळीस सेकंद १८० पेक्षा कमीच. बीजीपीचा धीर सुटायच्या आत खालचा रस्ता बदललेला असतो.

एक काळजीचं. सगळ्या नेटवर्कला माहीत असलेला पत्ता म्हणजे हल्लेखोरालाही सापडू शकणारा पत्ता. लूपबॅकवर पब्लिक आयपी ठेवला असेल तर एसएसएच (दुरून लॉगिन) साऱ्या जगाला उघडं ठेवू नका. ज्युनिपरवर ही सोय सुंदर आहे: एलओ शून्यवर, म्हणजे तिथल्या लूपबॅकवर, लावलेला फिल्टर राउटरच्या मेंदूकडे जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाला लागतो, मग ते कुठल्याही पोर्टातून आलेलं असो. पण तिथं ओएसपीएफ किंवा बीजीपीला परवानगी द्यायची राहिली तर तुम्ही स्वतःच स्वतःचं नेटवर्क पाडता. मी तो फिल्टर नेहमी कमिट कन्फर्म्डनंच लावते. दहा मिनिटांत मी पुन्हा होकार दिला नाही तर राउटर जुन्या कॉन्फिगवर परत जातो.

आयपीव्ही६ मध्ये सगळं हेच, /३२ च्या जागी /१२८. फक्त राउटर-आयडी तिथंही ३२ बिटांचाच लागतो. ज्या राउटरवर आयपीव्ही४ चा एकही पत्ता नाही तिथं तो हातानं लिहिल्याशिवाय ओएसपीएफ उठत नाही.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजला नवा पॉप उभा केला. त्याला आकडा आला एकोणतीस. दोन्ही बाजूंची फायबर आली, ओएसपीएफ फुल, बीजीपी लूपबॅकवर अप. बसवून झाल्यावर मी एक चाचणी घेतल्याशिवाय पॉप ताब्यात घेत नाही, आणि ती दिवसाउजेडी, माणूस रॅकसमोर उभा असताना घ्यायची. मामा खास सांगलीहून आले होते. मी नॉकमध्ये, पिंग १०.२५५.०.२९ ला लावलेलं, सोर्स माझ्या कोअरचा लूपबॅक.

"मामा, कोल्हापूरकडची कॉर्ड काढा."

"काढली."

स्क्रीनवर एक ओळ आली नाही. मग परत ओळी सुरू झाल्या, वेळ थोडा वाढलेला, पाच मिलिसेकंदांच्या जागी नऊ. बीजीपी सेशन किती वेळ अप आहे ते बघितलं: तासभरापूर्वी उभं राहिलं होतं तसंच.

"दिसतंय न्हवं?" मामांनी विचारलं.

"दिसतंय."

"मग लावू परत?"

"थांबा, आधी ती लावा आणि मग दुसऱ्या बाजूची काढा. तिकडूनही बघू."